लातूरची गोळी

महिन्यातून एकदा सुदर्शनला लातूरला जावं लागे, आणि दर वेळी घरी सांगायला नवं कारण शोधावं लागे. तांब्याची तार संपली. वार्निश इथं चांगलं मिळत नाही. बेअरिंग सांगून ठेवलेत, ते आणायचेत. निलंग्याला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्याचं मोटारी भरायचं दुकान होतं. जळालेली पाण्याची मोटार आली की तो ती खोलायचा, काळी पडलेली कॉइल छिन्नीनं तोडून काढायचा, नवी तार भरायचा, वार्निश पाजून सुकवायचा. आयटीआय करून पाच वर्षं झाली होती आणि हात असा बसला होता की शेतकरी आपसांत म्हणत, "सुदर्शननं भरलेली मोटार दोन उन्हाळे बघाया लागत न्हाई." त्यामुळं तारेचं कारण घरात खपून जाई. येताना तो खरोखरच तार घेऊन येई. फक्त तारेच्या वेटोळ्याच्या मधोमध, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, गोळ्यांची पाकिटं असत.

सुरुवात दीड वर्षापूर्वीची. लग्नाला तेव्हा सहाच महिने झाले होते. दुकानात तारेला सोल्डरचा डाग मारताना कसलातरी करपट वास आला. त्याला वाटलं, कुठली तरी वायर जळाली. त्यानं टेबलाखाली बघितलं, प्लगकडं बघितलं, आणि मग त्याची नजर आपल्याच डाव्या हातावर गेली. तापलेली डागणी करंगळीला टेकली होती. कातडी पांढरी पडून वर आली होती, आणि त्याला काही म्हणता काही कळलं नव्हतं.

लातूरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी त्याच्या पाठीवरचा फिकट चट्टा बघितला, कोपराजवळची नस दाबली, डोळे मिटायला लावून तळपायांना पेनचं टोक लावलं आणि "कुठं लागलं ते सांगा" म्हणाल्या. त्याला सगळ्या जागा सांगता आल्या नाहीत.

"कुष्ठरोग आहे," त्या म्हणाल्या. सर्दी आहे म्हणावं तशा. "बारा महिने गोळ्या घ्यायच्या. पूर्ण बरा होतो. आणि गोळ्या सुरू झाल्या की थोड्याच दिवसांत तुमच्यापासून दुसऱ्याला लागण व्हायचा धोका राहत नाही. घरच्यांना एकदा तपासायला घेऊन या."

"आणतो," सुदर्शन म्हणाला.

आणलं नाही. घरी त्याची माय होती, केवळाबाई. तिच्या लेखी या रोगाला एकच नाव होतं, महारोग, आणि तो शब्द उच्चारला तरी ती चूळ भरून यायची. तिच्या माहेरी लहानपणी एका माणसाला असं झालं होतं. त्याला गोठ्यात ठेवलं, त्याचा तांब्या वेगळा, त्याची वाट वेगळी. मेला तेव्हा खांदा द्यायला घरचे चौघंही जमले नाहीत. ही गोष्ट केवळाबाई दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट निघाली की सहज सांगायची. सुदर्शन ती लहानपणापासून ऐकत आला होता आणि आता ताटावर बसून ऐकत होता.

खरं तर गोळ्या गावातच मिळाल्या असत्या. पण गावची आशा कार्यकर्ती रूपाली त्याची चुलत भावजय. दिवसाआड ती केवळाबाईच्या ओसरीवर भाजी निवडायला येऊन बसायची. तिच्या पिशवीत लोहाच्या गोळ्या, कुष्ठाच्या गोळ्या, गरोदरपण तपासायच्या पट्ट्या आणि निरोधची पाकिटं, सगळंच असायचं. त्या पिशवीतलं काहीही सुदर्शनला मागता येणार नव्हतं. म्हणून त्यानं डॉक्टरबाईंना विनंती करून इलाज लातूरलाच ठेवून घेतला.

बारा महिन्यांच्या गोळ्या अर्ध्यावर आल्या असतील, तेव्हा अंगावर लाल, दुखऱ्या गाठी उठल्या. ताप येई, सांधे धरत. घरी मलेरिया सांगितला. डॉक्टरबाई म्हणाल्या, रोग वाढलेला नाही, मेलेल्या जंतूंवर शरीर चवताळलंय. त्यांनी स्टेरॉइड दिलं. गाठी बसल्या, आणि गोळी कमी केली की परत उठल्या. असं तीनदा झालं. सुदर्शनचा चेहरा फुगून गोल झाला. केवळाबाई खूश. "सूनबाईच्या हाताला चव हाय बरं का," ती रूपालीला म्हणाली, "लेकरू अंगानं भरलं माझं."

शेवटी डिसेंबरात डॉक्टरबाईंनी दुसरी गोळी काढली. थॅलिडोमाइड. देण्याआधी त्यांनी दार लावून घेतलं, आणि एक कागद त्याच्यापुढं ठेवला. कागदावर पोटुशा बाईचं चित्र होतं आणि त्यावर लाल फुली.

"आता नीट ऐका. तुमच्यापासून रोग दुसऱ्याला जात नाही. पण ही गोळी जाते."

सुदर्शनला उलगडा होईना. "गोळी मी खायची अन् जायची कुणाला?"

"बायकोला. गोळी रक्तात जाते आणि रक्तातून वीर्यात उतरते. थोडीच उतरते. पण गरोदरपणाच्या सुरुवातीला बाईच्या शरीरात ही गोळी गेली तर पोटातल्या बाळाचे हात-पाय नीट वाढत नाहीत. कधी येतच नाहीत. तिनं स्वतः गोळी खाल्ली तर हे होतं, हे पक्कं माहीत आहे. नवऱ्यामार्फत एवढीशी जाऊन झाल्याचं मी तरी वाचलेलं नाही. पण ते वाचायची वाट आपण बघायची नाही. दर वेळी निरोध वापरायचा. गोळी बंद केल्यावरही चार आठवडे. लेकरू सध्या नाही. कळलं?"

"कळलं."

"बायकोला माहितीय ना?"

"हाव," तो म्हणाला, आणि सही केली.

निलंग्यातल्या मेडिकलवाल्याच्या बोअरची मोटार सुदर्शननंच भरली होती. त्यामुळं तिथं निरोध मागायची सोय नव्हती. तीही पाकिटं लातूरहून तारेत बसून यायला लागली.

घरात पुनम होती, त्याची बायको. किल्लारीची. बी.ए.च्या शेवटच्या वर्षात लग्न झालेली, आणि बोलायला धारदार. पहिल्यांदा तिनं ते पाकीट बघितलं तेव्हा हसली. "आता हे काय नवीन?"

"दुकानाचा जम बसू दे. मग बघू लेकराचं."

"दुकान तर चाललंय की झकास."

"अजून बसू दे."

तिला हसू येईनासं व्हायला दोन महिने पुरले. कारण दिवसा तिच्या वाट्याला वेगळंच येत होतं. लग्नाला दीड वर्ष झालं, पावणेदोन झाली, आणि केवळाबाईच्या तोंडी आधी नुसते उसासे होते तिथं आता शब्द आले. गुरुवारचा उपास लावला. सोमवारचा लावला. कुणाच्या डोहाळजेवणाला गेली तर ओटी भरायला बायका पुनमच्या पुढं ताट करत नसत. तिला पंगत वाढायला उभी करत. परत आल्यावर ती सुदर्शनसमोर भाकरी आपटून ठेवायची. तो मान खाली घालून खायचा. तिनं मारलं असतं तरी त्याला चाललं असतं. पण एक शब्द बोलायचा म्हटलं की त्याच्यामागून दुसरा येणार, दुसऱ्यामागून तो चूळ भरायला लावणारा शब्द येणार, हे त्याला दिसायचं. मग तो उठून हात धुवायचा.

जुलैच्या सुरुवातीला पुनमनं सरळ विचारलं. तो दुकानाला निघाला होता, ती उंबऱ्यात उभी राहिली.

"लातूरला कोण हाय?"

"कोण म्हणजे?"

"दर महिन्याला जाता. आल्यावर दोन दिवस माझ्याकडं बघत न्हाई. घरात लेकरू नको म्हणता. मी काय येडी हाय? कोण हाय सांगा, म्हणजे मी माझ्या बापाच्या घरी जाते. तुमी अन् तुमची माय सुखानं ऱ्हावा."

"कुणी न्हाई, पुनम. मायची शपथ."

"शपथ नको. न्हाई तर न्हाई, दाखवून द्या."

त्या दिवशी सुदर्शननं दुकानात बसून हिशेब मांडला. मोबाइलवर वाचलं, ही गोळी एक-दोन दिवसांत शरीरातनं निघून जाते. मग डॉक्टरबाई चार आठवडे कामून म्हणाल्या? त्याला आपलंच उदाहरण आठवलं. गिऱ्हाईक विचारतं, मोटार कधी मिळंल? तो सांगतो, वार्निश सुकायला तीन दिवस लागतात. वार्निश सुकतं एका दिवसात. दोन दिवस आपले हातचे असतात, काही राहिलं तर असावेत म्हणून. डॉक्टर लोकही असेच हातचे ठेवत असणार. चार आठवडे म्हणजे खरे चार दिवस.

त्यानं चार दिवस गोळी बंद ठेवली. नडगीवर दोन गाठी उठल्या, त्या त्यानं पँटखाली झाकल्या. पाचव्या दिवशी रात्री, पाकिटाशिवाय, पुनमच्या मनातली लातूरची बाई त्यानं काढून टाकली. सहाव्या दिवशी गोळी परत सुरू केली, आणि आठवडाभर पुनमला गाणं गुणगुणत धुणं धुताना बघून त्याला वाटलं, निभावलं.

त्या वर्षी श्रावण अधिक आला होता. अधिक महिना म्हणजे जावयाचा मान. लेक-जावयाला बोलवायचं, पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे करून जेवू घालायचं, वाण द्यायचं. पुनमचे वडील रामकिशन स्वतः आमंत्रण घेऊन आले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दोघं किल्लारीला गेली.

पावसाची झड होती. भूकंपानंतरच्या पुनर्वसनात मिळालेल्या बैठ्या घराच्या मधल्या खोलीत दोन पाट मांडले होते. पुनमची आई सिंधुबाई सकाळपासून चुलीपुढं. भाऊबंदातल्या पाच-सात बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. पितळी परात आली. सिंधुबाईनं चुलीवरून पातेलं उतरवलं आणि कढत पाणी परातीत ओतलं. गार पाण्याची बादली आणायला ती वळली तेवढ्यात पुरण लागल्याचा वास आला आणि ती तशीच चुलीकडं पळाली. रामकिशनरावांना वाटलं विसण घालून झालं. ते टॉवेल खांद्यावर टाकून खाली बसले.

"ठेवा जावईबापू. ठेव गं पुनम."

दोघांनी एकदम पाय ठेवले.

"आई गं!" पुनम किंचाळली आणि पाट उलटेपर्यंत मागं सरकली. "भाजलं की वो! इसन घातलं न्हाई का?"

सुदर्शन बसला होता. पाय परातीत, हात गुडघ्यांवर, चेहऱ्यावर जावयाचं हसू. पाण्यातून वाफ निघत होती. पुनम ओरडली तेव्हा तो तिच्याकडं वळून म्हणाला, "काय झालं?"

रामकिशनरावांनी पाण्यात बोट घातलं आणि झटक्यात काढलं. "अवो जावईबापू, काढा पाय!"

तेव्हा त्यानं काढले. घोट्यापर्यंत लालभडक.

भिंतीकडची एक म्हातारी म्हणाली, "बया, लई सोशिक हाय की जावई! सासरा धुवायला बसलाय म्हणल्यावर कसा काढंल पाय?" आणि बायका हसल्या. दुसरी म्हणाली, "पुनम, तुझं बोलणं ऐकून ऐकून कातडं राठ झालं असंल गं!" आणखी हसल्या. सुदर्शनही हसला. सिंधुबाई तोंडावर हात मारून घेत गार पाणी घेऊन आली.

एकटी पुनम हसली नाही. आपल्या पायांवर गार पाणी ओतता ओतता ती त्याच्या पायांकडं बघत होती.

पंगत बसली. ताटात तुपात भिजलेले धोंडे आले. सिंधुबाईच्या पोटात सकाळपासून काहीतरी उकळत होतं ते आता बाहेर आलं. पदर तोंडाशी धरून ती म्हणाली, "पोटभर खावा जावईबापू. पुढच्या धोंड्याला पाट तीन मांडावे लागतेल."

"म्हणजे?" रामकिशनराव म्हणाले.

"म्हणजे काय म्हणजे! तारखेच्या वर तेरा दिवस झाले पोरीला. मला काल रात्री सांगितलं. आज तुमाला सांगणार होती ती, जावईबापू. माझ्याच तोंडानं दम धरला न्हाई."

बायकांनी कालवा केला. रामकिशनरावांनी नातीची-नातवाची नावं सुरू केली. सुदर्शननं घास तोंडात घातलेला होता. तो गिळता येईना आणि काढताही येईना. जुलैतला तो पाचवा दिवस आणि आजचा दिवस यांच्यामधले आठवडे त्याच्या डोक्यात आपोआप मोजले गेले. कागदावरचं चित्र डोळ्यापुढं आलं.

पुनम समोर बसली होती. कितीतरी महिने ती या बातमीसाठी उपास करत होती. नवऱ्याच्या तोंडावर आता काय उमटतं ते तिला बघायचं होतं, आणि तिनं ते बघितलं.

जेवणं उरकल्यावर ती त्याला मागच्या पडवीत घेऊन गेली. बाहेर पाऊस चालूच होता. तिनं मलमाची ट्यूब आणली होती. त्याच्या पायावर फोड धरले होते, एक अंगठ्याखाली चांगला लिंबाएवढा. ती ट्यूब उघडून बसली पण लावली नाही.

"दुखतंय का?"

"थोडं."

तिनं फोडाच्या बाजूला नखानं जोरात दाबलं. तो तिच्याच तोंडाकडं बघत होता. "आता मी काय केलं?" तिनं विचारलं.

तो आपल्या पायाकडं बघू लागला.

"अन् लेकराचं ऐकून माती खाल्ल्यासारखं तोंड कामून झालं? तुमचं न्हाई असं वाटतंय का?"

"तसं न्हाई गं."

"मग कसं?"

पळायला जागा नव्हती. पुढं सासऱ्याचं घर भरलेलं, मागं पाऊस. आणि ज्याची भीती दीड वर्ष होती त्यापेक्षा मोठं काहीतरी तिच्या पोटात वाढत होतं, ते गप्प बसून थांबणार नव्हतं. त्यानं दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली.

"मी एक गोळी खातो. लातूरची. ती तुला गेली असंल."

"कुणी दिली मला? तुमी जेवणात घातली?"

"न्हाई. माझ्यातनं. आपल्या... एकत्र येण्यातनं."

पुनम त्याच्याकडं बघत राहिली. "गोळी कधी माणसातनं माणसात जाती का? रोग जातो ऐकलं होतं. गोळी?"

"ही जाती. म्हणून ते पाकीट होतं. जुलैत मी चार दिवस गोळी सोडली होती. मला वाटलं तेवढं बास. डॉक्टरबाई म्हणल्या होत्या चार आठवडे. लेकराच्या हाता-पायाला होतं त्यानं. होईलच असं न्हाई. पण होऊ शकतं."

"कशावरची गोळी?"

त्यानं सांगितलं. शब्द त्यानं डॉक्टरबाईंचा वापरला, पण पुनमला तो कळायला वेळ लागला नाही. ती उठली आणि दोन पावलं मागं गेली. पाठ भिंतीला लागली तेव्हा थांबली. हातातली ट्यूब तिनं खाली ठेवली, हात साडीला पुसले, परत पुसले.

"तो आता कुणाला होत न्हाई माझ्यापासून," सुदर्शन घाईनं म्हणाला. "वर्षाच्या गोळ्या झाल्या. रोग दुसऱ्याला जात न्हाई. फक्त ही एक गोळी..."

"म्हणजे रोग मला होणार न्हाई, औषध होणार. लई चांगलं केलं." ती हसल्यासारखं करून थांबली. मग एकदम म्हणाली, "मायला ठावं हाय?"

"न्हाई."

"कुणालाच न्हाई?"

"न्हाई."

"तुमाला एकट्याला ठावं होतं." ती प्रत्येक शब्द ठेवून बोलत होती. "लेकरू कामून होत न्हाई ते. अन् मी सोमवार धरत होते. गुरुवार धरत होते. तुमची माय मला बायांच्या पंगतीत वाढायला उभी करत होती, अन् तुमी शेजारच्या पंगतीत बसून जेवत होता."

त्याला वाटलं होतं, रोगाचं नाव ऐकून ती किंचाळेल, बापाला हाक मारेल. त्याची तयारी होती. याची नव्हती.

"उद्या लातूरला जायचं," ती म्हणाली. "मला घेऊन. जिथं इतके दिवस एकटे जात होता तिथं."

घरात पाय भाजल्याचं निमित्त होतंच. सकाळच्या गाडीनं दोघं निघाली. औशापर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. दोघांच्या मध्ये तिनं पिशवी ठेवली होती.

डॉक्टरबाईंनी आधी पाय बघितले, मग पुनमकडं बघितलं, मग सुदर्शनकडं. "बायकोला सांगितलंय म्हणाला होतात."

पुनम म्हणाली, "काल सांगितलं."

लघवीची तपासणी झाली. दिवस गेलेच होते. डॉक्टरबाईंनी तारखा लिहून घेतल्या, गोळी कधी थांबवली, परत कधी घेतली, मध्ये किती वेळा जवळ आलात. सुदर्शन उत्तरं देत होता आणि त्याचे कान तापत होते. पुनम मध्येच त्याची तारीख दुरुस्त करायची.

"चार दिवसांच्या खंडानंतर, एकदाच," त्या शेवटी म्हणाल्या. "आणि त्यानंतर निरोध वापरलाय. शरीरात तेव्हा गोळी जवळजवळ नसणार. माझ्या अंदाजानं धोका अगदी कमी आहे. पण शून्य आहे असं मी लिहून देणार नाही, कुणीच देणार नाही. चार आठवडे आम्ही सांगतो ते माणसागणिक कमी-जास्त होतं म्हणून सांगतो. कुणाचं शरीर वेगळं, कुणाची मोजणी चुकते."

"हात-पाय कवा दिसतील?" पुनमनं विचारलं.

"बाराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बरंच दिसतं. अठराव्या-विसाव्यात नीट. आत्ता सहावा चालू आहे. ठेवायचं की नाही हा निर्णय तुमचा. आज घ्यायची गरज नाही. बाळंतपणाच्या डॉक्टरांना मी चिठ्ठी देते, त्यांना खरं सगळं सांगा."

"अन् माझी तपासणी?"

डॉक्टरबाईंनी तिला पडद्याआड नेऊन पाठ, हात, चेहरा बघितला. कुठं काही नव्हतं. सुदर्शनची गोळी मात्र त्यांनी बंद केली. पायांचा बधिरपणा वाढलाय, तो त्या गोळीनंही वाढू शकतो, म्हणाल्या. परत स्टेरॉइड. "आणि सासूबाईंना तपासायला आणा. दीड वर्ष सांगतेय मी यांना."

बाहेर बाकावर बसून पायाला पट्टी बांधून घेताना सुदर्शनचा फोन वाजला. केवळाबाई. त्यानं उचलला नाही. परत वाजला. पुनमनं त्याच्या हातातून घेतला आणि स्पीकर लावला.

"आरं किती ये‌ळ! इहीणबाईचा फोन आला होता सकाळी. सांगितलं मला सगळं. पेढे वाटून आले मी गल्लीत. पुनमला म्हणावं, गाडीत धक्के खाऊ नको. तिकडंच ऱ्हा आता महिनाभर, आईच्या हातचं खा. काय बोललं-सवरलं असंल माझं तर पोटात ठेवू नको म्हणावं. ऐकून राहिलास का?"

सुदर्शननं पुनमकडं बघितलं. ती फोन त्याच्या तोंडापुढं धरून बसली होती. हलत नव्हती.

"माय," तो म्हणाला, "तुला लातूरला यावं लागंल. तपासणीला."

"मला? मला काय धाड भरली?"

त्यानं सांगितलं. बाकावर शेजारी माणसं होती म्हणून हळू, पण सगळं. दीड वर्ष, पाठीवरचा चट्टा, बारा महिन्यांच्या गोळ्या, नंतरची गोळी, बाळाचं. फोनमध्ये गल्लीतल्या कोंबड्यांचा आवाज येत होता. केवळाबाईचा येत नव्हता. मग चूळ भरून थुंकल्याचा आवाज आला.

"कुणाला बोलू नको," ती म्हणाली. आवाज ओळखू येईना. "पेढे वाटून झालेत. तुमी दोघं तिकडंच ऱ्हावा. मी सांगते इथं काहीतरी." आणि फोन बंद झाला.

बसस्टँडवर आले तेव्हा दुपार झाली होती. किल्लारीकडची गाडी फलाटावर लागलेली होती, तिच्या पलीकडं निलंग्याची. सुदर्शन भाजलेल्या पायावर भार न देता उभा राहिला. कुठल्या गाडीकडं वळावं त्याला कळेना. सासऱ्याच्या घरी जाऊन पुढचे सहा आठवडे नातवाच्या नावांवर हसत बसायचं, की मायच्या दारात जाऊन ती कुठला तांब्या पुढं करते ते बघायचं.

पुनम निलंग्याच्या गाडीत चढली. तो मागोमाग चढला. गाडी सुटली, औशाच्या रस्त्याला लागली, कंडक्टर येऊन उभा राहिला.

"निलंगा," पुनम म्हणाली. "एक फुल, एक हाफ."

तो गेल्यावर सुदर्शन म्हणाला, "मायनं येऊ नका म्हणलंय."

"ऐकलं मी."

"तुला बोलंल ती काही."

"बोलू द्या. आजपर्यंत बोलली ते मी फुकट ऐकून घेतलं. आता तिलाबी ऐकावं लागंल. अन् तिला आणायची हाय तपासणीला, ती तुमच्यानं होणार न्हाई." ती पुढच्या सीटच्या दांड्याला धरून बसली होती, बस खड्ड्यात गेली की पोटापुढं हात आडवा धरायची. "पण एक ऐकून ठेवा. मी तुमच्यासाठी चाललेली न्हाई. बारावा आठवडा होऊ द्या. हात-पाय दिसू द्या. मग तुमचं काय करायचं ते बघीन."

"अन् न्हाई दिसले तर?"

लामजन्याच्या फाट्यावर गाडी थांबली, माणसं उतरली, बसायला मागं जागा रिकामी झाली. ती जागची उठली नाही, आणि तो सहा आठवडे मोजत तिच्या शेजारी बसून राहिला.